तळ्यात की मळ्यात? सीप्लेन आणि आपली बोट

मागच्या अंकात मी उन्हाळ्यात भाड्याच्या बोटी घेण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ होती की सिएटलच्या लेक युनियनवर बोट चालवताना विमानांकडे लक्ष असू द्या. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाला राहते, आमची एक छोटी मोटरबोट आहे आणि काही वर्षांपूर्वी मी सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानाचं, रेटिंगही (ते चालवायचा परवाना) घेतलं, त्यामुळे बोटीतून विमान कसं दिसतं आणि विमानाच्या काचेतून बोट कशी दिसते (खरं तर कशी दिसत नाही) हे दोन्ही बघून झालंय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न: ताई, जुलैत सासू-सासरे पुण्याहून आले होते म्हणून लेक युनियनवर इलेक्ट्रिक बोट घेतली. तळ्याच्या मध्यावर होतो आणि पिवळ्या बोयांवरचे दिवे लुकलुकायला लागले. मी आधी डावीकडे घेतली, मग वाटलं उजवीकडे बरं, मग थांबवलीच. विमान खाली आलं, एकदम मोठा आवाज करून आमच्या वरून निघून गेलं आणि फिरून परत आलं. सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या. आमचं नेमकं काय चुकलं? (बेलव्ह्यू)

तुम्ही तळ्यात-मळ्यात केलंत, आणि पाण्यावर विमानासमोर तेवढं एक करायचं नसतं. पण आधी सासूबाईंना सांगा की विमान परत गेलं यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. वैमानिकाला जागा मोकळी दिसली नाही, त्यानं फुल पॉवर दिली आणि फेरी मारून पुन्हा आला, हे त्याला शिकवलेलंच असतं आणि त्यानं ते वेळेवर केलं. आवाज मोठा येतो कारण पॉवर पूर्ण असते.

आता ते बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या त्या खुणा. लेक युनियनच्या मधोमध, साधारण उत्तर-दक्षिण रेषेत उन्हाळ्यापुरते पाच पिवळे बोये टाकतात, 2018 पासून. वैमानिक उतरायच्या किंवा उडायच्या थोडं आधी विमानात बसूनच त्यांचे दिवे चालू करतो. दिवे लागले की बोटीनं त्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला 200 फूट सरकायचं, एवढंच. ही कायद्याची सक्ती नाही, विनंती आहे, पण मी तरी ती सक्तीसारखीच पाळते. थोडा हिशेब करून बघा, 200 फूट म्हणजे साधारण 60 मीटर, तुमची इलेक्ट्रिक बोट पाच नॉटनं चालली तर सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे रेषेवरून बाहेर पडायला चोवीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्याच पंचवीस सेकंदात उतरायला येणारं विमान पाऊण किलोमीटर कापतं. म्हणून दिवे लागले की जी बाजू जवळ असेल ती धरायची आणि सरळ तिकडे जात राहायचं, मध्येच मन बदलायचं नाही. वैमानिक वरून तुमची दिशा बघून आपली जागा ठरवत असतो, तुम्ही सरळ चाललात तर तुम्ही दहा सेकंदांनी कुठे असाल हे त्याला कळतं, तुम्ही नागमोडी गेलात तर नाही कळत. वेगही वाढवायचा नाही, तळ्यावर सात नॉटची मर्यादा आहे, आणि जोरात पळालात तर तुमच्या बोटीमागची लाट नेमकी त्याच्या उतरायच्या पट्ट्यात जाते.

आणि अजून एक सवय लावून घ्या, बोट सुटायच्या आधीच वारा कुठून येतोय ते बघा. विमान नेहमी वारा तोंडावर घेऊन उतरतं आणि तसंच उडतं. तळ्याच्या उत्तर काठाला गॅस वर्क्स पार्कची टेकडी आहे ना, तिथे पोरं पतंग उडवत असतात, पतंग दक्षिणेला झुकलेला असेल तर वारा उत्तरेचा, म्हणजे विमान डाउनटाउनच्या बाजूनं येणार आणि उत्तरेला तोंड करून उतरणार. पतंग नसले तर बोटींवरचे झेंडे बघा. हे एकदा डोक्यात बसलं की मान चारही बाजूंना फिरवत बसावी लागत नाही, कुठे बघायचं ते आधीच माहीत असतं.

सासऱ्यांना आवडेल म्हणून सांगते, बोइंगचं पहिलंवहिलं विमान जून 1916 मध्ये याच तळ्यावरून उडालं आणि मार्च 1919 मध्ये व्हँकूव्हरहून टपालाची थैली घेऊन आलेलं विमानही इथेच उतरलं. त्यामुळे या तळ्यावर विमानं आगंतुक नाहीत, शंभर वर्षांपेक्षा जुनी शेजारी आहेत.

प्रश्न: आमच्या घरात वाद चाललाय. नवरा म्हणतो विमान मोठं आणि वेगवान, वाट त्याचीच. मी म्हणते पाण्यावर बोटीचा हक्क पहिला. कोण बरोबर? (रेंटन)

कागदावर तुम्ही बरोबर आहात. 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत सीप्लेन पाण्यावर असताना चक्क जहाजांच्या व्याख्येत मोडतं आणि 18 वा नियम म्हणतो की सीप्लेननं सर्वसाधारणपणे बाकी सगळ्या जहाजांपासून नीट लांब राहावं, त्यांच्या वाटेत येऊ नये. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांत हेच आहे आणि विमानवाल्यांच्या पुस्तकातही, कलम 91.115, जवळपास हेच लिहिलंय. म्हणजे दोन्ही खाती एकाच बाजूला आहेत, लांब राहायची पहिली जबाबदारी वैमानिकाची.

पण त्याच 18 व्या नियमाचं पुढचं वाक्य लोक वाचत नाहीत. टक्कर होण्याचा धोका दिसू लागला की सीप्लेनला इतर बोटींसारखेच सगळे नियम लागू होतात, आणि अर्थातच तुम्हालाही. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जो दुसऱ्याच्या उजव्या हाताला आहे त्याचा हक्क, दुसऱ्यानं थांबायचं किंवा मागून जायचं. मागून येऊन पुढे जाणाऱ्यानं लांबून जायचं. आणि डोळ्यांनी, कानांनी सतत टेहळणी ठेवायची हा पाचवा नियम तर कयाकपासून जहाजापर्यंत सगळ्यांना आहे, तुमचा हक्क असला तरी तो माफ होत नाही.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं नियमात बसत नाही, पण त्यामागची भीती खरी आहे. पाण्यावरच्या विमानाला ब्रेक नसतो. इंजिन चालू आहे म्हणजे पंखा फिरतोय आणि पंखा फिरतोय म्हणजे विमान पुढे सरकतंय, न्यूट्रल हा प्रकारच नाही. हळू चालताना फ्लोटच्या, म्हणजे विमान ज्यांवर तरंगतं त्या होडीसारख्या पोकळ पायांच्या, मागे छोटी सुकाणू असतात त्यांवर ते वळतं, पण वारा जरा वाढला की शेपटीला वारा लागून विमानाचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळायला बघतं, कोंबड्याच्या वातदर्शकासारखं, आणि वैमानिकाला पाहिजे त्या बाजूला वळवता येईलच असं नाही. माझी बोट मी रिव्हर्स टाकून जागच्या जागी थांबवू शकते. म्हणून माझा हक्क असतानाही मी वाट देते, आणि लवकर देते, लांबून कळेल अशी देते, अगदी जवळ गेल्यावर नाही.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी शनिवारी सकाळी पॅडलबोर्ड घेऊन जातो. आम्ही एवढ्याशा, आम्हाला कसले नियम, विमानच बघून घेईल ना? (रेडमंड)

एवढ्याशा आहात हाच तर प्रश्न आहे. वरून उन्हाची चकाकी पाण्यावर पडलेली असते तेव्हा काळा किंवा निळा बोर्ड आणि गडद कपडे घातलेलं माणूस पाण्यात विरघळून जातं. मी पहिल्यांदा उतरायला शिकत होते तेव्हा शिक्षकांनी मला विचारलं खाली किती कयाक आहेत, मी म्हटलं दोन, होते पाच. भगवं, पोपटी, भडक गुलाबी असं काहीतरी घाला, वल्ह्याचं पातं फिकट रंगाचं घ्या, विमान येताना दिसलं तर वल्हं उभं धरा, ओलं पातं चमकतं. दोघी जवळजवळ राहा. मध्यावर रेंगाळू नका, पलीकडे जायचं असेल तर सरळ काटकोनात जा. आणि हो, नियम तुम्हालाही आहेत.

प्रश्न: जून 2024 मध्ये व्हँकूव्हरच्या कोल हार्बरमध्ये विमान आणि बोटीची टक्कर झाली, आम्ही तेव्हा तिथेच किनाऱ्यावर होतो, मुलं अजून त्याबद्दल बोलतात. तिथे तर कंट्रोल टॉवर आहे, मग असं कसं झालं? आणि वैमानिकाला समोरची बोट कशी दिसली नाही? (बर्नाबी)

तुम्ही ते डोळ्यांनी बघितलंत, वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. 8 जून 2024 ची गोष्ट, बीव्हर जातीचं छोटं विमान उडण्यासाठी धावत होतं आणि एका हौशी बोटीला जाऊन धडकलं, लोक जखमी झाले, कोणी दगावलं नाही. मुलांना हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा.

टॉवरबद्दल. व्हँकूव्हरला पाण्याकाठच्या उंच इमारतीच्या माथ्यावर टॉवर आहे आणि तो विमानांना परवानगी देतो, पण त्या टॉवरच्या हुकमात विमानं आहेत, बोटी नाहीत. त्या दिवशी टॉवरनं वैमानिकाला बोटीबद्दल सावध केलं होतं, पण बोटवाल्याला सांगायची सोय त्याच्याकडे नसते. विमानांचा रेडिओ वेगळ्या पट्ट्यावर चालतो, 118 ते 137 मेगाहर्ट्झ, आपल्या बोटीचा मरीन रेडिओ 156 च्या आसपास आणि पद्धतही वेगळी, तुम्ही सोळा नंबरच्या चॅनलवर कितीही ओरडलात तरी वैमानिकाच्या कानात काही पोचत नाही. भोंगा वाजवलात तर इंजिनाच्या आवाजात बुडून जातो. म्हणजे दोघांकडे बोलायला भाषाच नाही, फक्त हालचाल दिसते.

आणि दिसण्याचं म्हणाल तर हे मी स्वतः सीटवर बसून अनुभवलंय. विमान उडायला निघतं तेव्हा वैमानिक पॉवर देतो आणि पहिले काही सेकंद फ्लोटची टोकं वर उठतात, नाक आकाशाकडे जातं आणि समोर फक्त इंजिनाचं झाकण दिसतं. बीव्हरचं इंजिन तर गोल, नऊ सिलिंडरचं, 450 अश्वशक्तीचं, भलं मोठं धूड. मग विमान लाटेवर चढल्यासारखं होऊन फ्लोटच्या बुडाला पायरीसारखी कड असते तिच्यावर येतं, नाक खाली बसतं आणि तेव्हा पुन्हा समोरचं दिसायला लागतं, पण तोवर वेग वाढलेला असतो. म्हणून चांगला वैमानिक निघण्याआधी वाकडातिकडा चालत दोन्ही बाजूंनी पुढची वाट बघून घेतो. पण त्यानं बघितल्यानंतर, विमानाचं नाक वर असताना, एखादी बोट त्या पट्ट्यात शिरली तर ती त्याच्यासाठी नसल्यासारखीच. त्यामुळे बोटवाल्यांनी लक्षात ठेवायचं ते असं: विमानाच्या इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि मागे पांढरा फवारा उठला की त्याच्या पुढची सगळी सरळ पट्टी त्याची समजा. मला वाटतं भाड्यानं बोट देताना इंजिन कसं चालू करायचं ते दाखवतात तशी ही दोन वाक्यंही प्रत्येकाला सांगितलीच पाहिजेत, सक्तीनं.

प्रश्न: आम्ही बॉस्टनहून दर सप्टेंबरला मेनमधल्या मूसहेड लेकला मासे धरायला जातो. पहाटे पाणी आरशासारखं शांत असतं. गेल्या वर्षी एक विमान आमच्या डोक्यावरून दोनदा घिरट्या घालून गेलं, आम्हाला वाटलं हाकलतोय. रागावून आम्ही जागेवरून हललोच नाही. (फ्रेमिंगहॅम)

तो हाकलत नव्हता हो. अनोळखी पाण्यावर उतरण्याआधी वैमानिक वरून फेरी मारतोच, अर्धवट बुडालेले ओंडके कुठे आहेत, खडक कुठे, बोटी कुठे, वारा कसा, हे सगळं बघायला. आणि तुम्ही जागेवरून हलला नाहीत हे, रागानं का होईना, बरोबरच केलंत, त्याला तुमची जागा पक्की कळली आणि त्यानं तुम्हाला सोडून जागा धरली.

तुम्हाला जे पाणी सुंदर वाटतं ते वैमानिकाला सगळ्यात अवघड. आरशासारख्या पाण्यावर आपण किती उंचीवर आहोत हे डोळ्यांना कळतच नाही, पृष्ठभागच दिसत नाही, खाली ढग दिसतात. लोकांना वाटतं अजून वीस फूट आहे आणि फ्लोट आपटतात. म्हणून अशा वेळी किनाऱ्याला धरून, झाडांच्या रेषेवर नजर ठेवून, थोडी पॉवर ठेवत मिनिटाला साधारण दीडशे फूट इतक्या संथ गतीनं खाली यायचं आणि पाणी लागेपर्यंत तसंच बसून राहायचं असं शिकवतात. याला जागा भरपूर लागते आणि ती बहुतेक वेळा किनाऱ्यालगतच लागते, जिथे तुम्ही गळ टाकून बसलेले असता. तेव्हा पहाटे घिरट्या दिसल्या तर नांगर टाकला असेल तर तसेच राहा, हात वर करून हलवा की मी बघितलंय, आणि त्याच वेळी इंजिन सुरू करून दुसरीकडे जाऊ नका. त्याला लहरी लागतात म्हणून मुद्दाम बोट फिरवून पाणी हलवून द्यायलाही जाऊ नका, कधी कधी ओळखीतले लोक ठरवून तसं करतात, पण न ठरवता केलंत तर त्याला कळणार नाही तुम्ही मदत करताय की वाटेत येताय.

सप्टेंबरमध्ये जाताच आहात तर ग्रीनव्हिलला सीप्लेनवाल्यांचा मेळा भरतो, 1973 पासून, त्याच सुमाराला तळ्यावर विमानांची नुसती जत्रा असते. त्या दिवसांत गळ लांबच्या खाडीत टाका आणि दुपारी बायकोमुलांना घेऊन काठावर बसून बघा.

प्रश्न: मिनेसोटात आमच्या तळ्यावर शेजाऱ्याचं फ्लोटवालं सेसना आहे. रविवारी सकाळी सातला उडतो. तक्रार करावी का? आमची मुलं वेकबोर्डिंग करतात, बोटीमागे दोर धरून फळीवर, तर तो आम्हालाच लाटांवरून बोलतो. (एडन प्रेअरी)

आधी चहाला बोलवा. खरंच सांगतेय, कारण हवेतलं सगळं केंद्र सरकारच्या विमान खात्याकडे, म्हणजे एफएएकडे, आणि तळ्याचा पृष्ठभाग कोणी कसा वापरायचा हे राज्य आणि स्थानिक लोकांकडे, अशी वाटणी आहे, तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर या खिडकीतून त्या खिडकीत फिराल. कुठल्या तळ्यावर विमान चालतं हे राज्याच्या नियमांत बघता येतं ते बघून ठेवा, पण त्याच्या वेळेवर बोलायचं तर समोरासमोर बसून. उडतानाचा तो कर्कश आवाज बराचसा पंख्याच्या पात्यांच्या टोकांचा असतो, पूर्ण पॉवरला ती टोकं आवाजाच्या वेगाच्या जवळ जातात. वर गेल्यावर पॉवर लवकर कमी करणं, घरांपासून लांबच्या टोकाहून सुरुवात करणं, रविवारी नऊनंतर निघणं, हे सगळं त्याच्या हातात आहे, आणि बहुतेक वैमानिक ऐकतात कारण लोकांनी वैतागून तळं बंद करायला लावू नये ही धास्ती त्यांना असतेच.

आणि लाटांचं तो बरोबर बोलतोय. वेकबोर्डच्या बोटी मुद्दाम पाणी भरून जड करतात, मागे मोठी लाट उठावी म्हणून. ती लाट धावणाऱ्या फ्लोटखाली आली की विमान उसळतं, पुन्हा आपटतं, पुन्हा उसळतं, आणि वैमानिकानं लगेच पॉवर काढली नाही तर नाकावर जाऊ शकतं. लाट तुम्ही निघून गेल्यावरही चार-पाच मिनिटं तळ्यात इकडून तिकडे फिरत राहते. त्यामुळे तो इंजिन गरम करत धक्क्यापाशी उभा दिसला तर मुलांना पाच मिनिटं थांबवा, एवढं तुम्ही द्या, नऊची वेळ तो देईल.

चहावर अजून एक विषय काढा, झेब्रा शिंपल्यांचा. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात ती कीड बोटीच्या बुडाला चिकटून जाते तशीच फ्लोटमध्ये साचलेल्या पाण्यातून आणि सुकाणूच्या तारांना अडकलेल्या शेवाळातूनही जाते. फ्लोट रिकामे करणं, गवत काढणं, वाळवणं हे त्याचं काम आणि ट्रेलरवरची बोट धुणं तुमचं. तळं दोघांचंही आहे.

प्रश्न: रात्री विमानं उतरतात का? आम्ही फटाके बघायला बोटीत थांबतो. (टकोमा)

नियमात सीप्लेनला बोटीसारखे लाल-हिरवे दिवे लावायला सांगितलंय, म्हणजे पूर्ण मनाई नाही. पण अंधारात पाणी दिसत नाही, ओंडके दिसत नाहीत, म्हणून फारसं कोणी उतरत नाही. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या धरणांच्या तलावांवर तर सूर्यास्त ते सूर्योदय खास परवानगीशिवाय बंदीच आहे. तुमची खरी काळजी सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास, शेवटची विमानं घाईनं घरी येत असतात आणि तिरपं ऊन त्यांच्या डोळ्यांत असतं.

प्रश्न: नमस्कार ताई, माझा पवना धरणाच्या काठाला तंबूंचा कॅम्प आहे, चार कयाक आहेत. मध्ये पुन्हा बातम्या येतात की धरणांवर सीप्लेन येणार. 2014 ला आलं होतं तेव्हा मी शाळेत होतो. आलं तर आमचं काय? (मावळ)

तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, मावळातून कोणी हा प्रश्न विचारतोय म्हणजे माझं अर्धं काम झालं. ऑगस्ट 2014 मध्ये जुहूहून पवनेला सेवा सुरू झाली होती, फार काळ चालली नाही. ते विमान चाकं आणि फ्लोट दोन्ही असलेलं होतं, जुहूच्या धावपट्टीवरून चाकांवर निघायचं आणि तुमच्याकडे पाण्यावर उतरायचं. अशा विमानाचा एक मोठा धोका लक्षात ठेवा, चाकं वर घ्यायची विसरून पाण्यात उतरलं तर ते तिथल्या तिथे उलटतं. पाण्यावर येणाऱ्या विमानाची चाकं खाली दिसली तर काठावर जवळपास कोणी थांबू नका, आणि बचावाची बोट तयार ठेवा.

आता तुमचं काय. केरळात जून 2013 मध्ये कोल्लमहून आलप्पुझाला पहिलं विमान निघालं आणि तिथल्या मच्छीमारांनी होड्या घेऊन इतका विरोध केला की ते उतरूच शकलं नाही. त्यांची जाळी, त्यांची पोटं त्याच पाण्यावर, आणि आपल्याला कोणी विचारलंच नाही ही त्यांची तक्रार. नोव्हेंबर 2024 मध्ये केरळनं कोचीहून मुन्नारजवळच्या मट्टुपेट्टी धरणात पुन्हा चाचणी उड्डाण केलं. गुजरातेत साबरमती ते केवडिया ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी थांबलं. म्हणजे ही गोष्ट येते, जाते, पुन्हा येते. माझं म्हणणं असं की पुन्हा यायच्या आधीच तुम्ही कॅम्पवाले, कयाकवाले, मासेमारी करणारे आणि धरणग्रस्त गावं मिळून आपला एक नकाशा करा, कुठे पोरं पोहतात, कुठे जाळी लागतात, कुठे कयाक असतात, पावसाळ्यात आणि मे महिन्यात पाणी कुठवर असतं. मे मध्ये पाणी उतरलं की जुने बांध, झाडांचे बुंधे वर येतात ते तुम्हालाच माहीत, मुंबईच्या ऑफिसात नाही. उतरायचा पट्टा ठरवायची बैठक झाली की तो नकाशा टेबलावर ठेवा. आणि बोये, दिवे, एक गस्तीची बोट आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळा या चार गोष्टी लेखी मागा. आणि विमान येवो न येवो, कयाकवर बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घाला, पवनेत दरवर्षी कोणाचं तरी पोर जातं.

प्रश्न: मावशी, मी अकरा वर्षांची आहे. विमानाला ब्रेक नाही तर ते धक्क्याला लागताना थांबतं कसं? (कर्कलंड)

किती छान प्रश्न विचारलास! बघ, धक्क्यापासून थोडं लांब असतानाच वैमानिक इंजिन बंद करतो. पंखा खडखड करत दोन-चार झटके घेतो आणि थांबतो, आणि एकदम इतकं शांत होतं की फ्लोटला लागणारं पाणी चुळुक चुळुक ऐकू येतं. विमान आपल्या उरलेल्या वेगानं नुसतं घसरत येतं. तेवढ्यात दार उघडून वैमानिक खाली फ्लोटवर उतरतो, एका हातात दोर, एका हातानं पंखाखालचा तिरका खांब धरलेला. धक्का जवळ आला की पाऊल टाकून उतरतो आणि दोर खुंट्याला एक वेढा घालून हळूहळू आवळतो, विमान थांबतं. म्हणजे ब्रेक कोण, तर तो दोर आणि वैमानिकाचे पाय. वेळेचा अंदाज चुकला तर फ्लोट धक्क्यावर आपटतो, म्हणून फ्लोटच्या नाकावर रबर लावलेलं असतं. लागलं तर वल्हंही असतं विमानात, खरंखुरं, होडीसारखं.

तुला बघायला जायचं असेल तर आईबाबांना घेऊन जा. पंखा अगदी पूर्ण थांबेपर्यंत धक्क्याच्या मागच्या बाजूला उभी राहा, कुत्रं असेल तर पट्टा हातात घट्ट, कारण फिरणारा पंखा दिसतच नाही, नुसती हवा वाटते. वैमानिकानं हाक मारल्याशिवाय मदतीला पुढे जायचं नाही, आणि हाक मारलीच तर त्यानं सांगितलेला दोर किंवा खांब धरायचा, शेपटीला किंवा पंखाच्या हलणाऱ्या फळ्यांना हात लावायचा नाही, त्या नाजूक असतात. मग विमान नीट बांधून झालं की विचार, फ्लोट आतून बघायचाय. प्रत्येक फ्लोटमध्ये निदान चार तरी वेगवेगळे बंद कप्पे असतात, दोन कप्प्यांत पाणी शिरलं तरी विमान तरंगत राहावं म्हणून. रोज सकाळी वैमानिक एकेका कप्प्याचं बूच काढून हातपंपानं आत झिरपलेलं पाणी उपसतो आणि मोजतो किती निघालं. मला शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी विमान उडवायला दिलंच नाही, आधी तो पंप हातात दिला. तुलाही बहुतेक देतील.